डुकरांत शिरलेले देव

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे नक्की कळव. (बाबा म्हणतात चढताना, आई म्हणते उतरताना, आणि त्यावरून दोघांचं दोन दिवस बोलणं बंद आहे. हट्टाला आपल्या घराण्यात तोटा नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. माझ्या हातून एक ग्रंथ बिघडला, आणि तोही तुमच्या हिब्रूच्या मास्तरांचा. हो, त्याच मास्तरांचा. आता पत्र लगेच घडी घालून ठेवू नकोस, निदान पान उलटेपर्यंत तरी थांब.

धर्मशिक्षणाच्या शाळेत तू ग्रीक शिकवायचीस, ते शेजारच्या वर्गात हिब्रू शिकवायचे, आणि दर गुरुवारी चहाच्या खोलीत तुमची मैफल जमायची, हे मी तुला सांगायला नको. त्या मैफलीचा शेवट एका स्तोत्राने केला, हेही नको. मूळ हिब्रूत परक्या राष्ट्रांचे देव म्हणजे पोकळ, काहीच नव्हेत असं आहे. ग्रीक भाषांतरकारांनी तिथेच लिहिलं, ते देव म्हणजे भुते. मास्तर म्हणाले, भाषांतरकारांनी पदरचं घातलं. तू म्हणालीस, पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या हातात ग्रीकच होतं, त्यांनी तेच वाचलं आणि तेच मानलं. (गंमत म्हणजे त्या स्तोत्राचा क्रमांकही तुमच्यात जुळत नव्हता. त्यांचं शहाण्णवावं, तुझं पंचाण्णवावं.) मग तू कप बशीत जरा जोरात ठेवलास, ते छत्री विसरून निघून गेले, आणि त्याला आता बारा वर्षं झाली.

तर गेल्या वर्षी मास्तर आमच्या छापखान्यात आले. त्यांची नजर फार अधू झाली आहे. समोर माणूस आहे एवढं दिसतं, तो कोण ते आवाजावरून कळतं. त्यांना याच प्रश्नावर पुस्तक करायचं होतं: परक्यांचे देव ही भुते, की काहीच नाही? लिहिणं जमत नाही म्हणून ते तोंडी सांगत आणि मी यंत्रावर टाइप करी. असे चार महिने गेले. म्हणजे ग्रंथाचा कागद असा कुठेच नव्हता. होता तो त्यांच्या डोक्यात आणि माझ्या यंत्रात. यातलं एक ठिकाण भरवशाचं होतं.

शेवटी शेवटी ते म्हणाले, चौथ्या प्रकरणात जिथे ग्रीक स्तोत्राचा विषय आहे, तिथे परक्यांच्या ‘देव’ऐवजी ‘भूत’ कर. काम पाच मिनिटांचं. मी यंत्राला हुकूम दिला. यंत्राने विचारलं, सगळीकडे? मी चहा ओतत होतो, म्हटलं, हो बाबा, सगळीकडे. परत येऊन पाहतो तर योनाला भूतमाशाने गिळलं होतं, शलमोनाच्या मंदिराला भूतदाराचं लाकूड लागलं होतं, आणि प्रस्तावनेत मास्तर आपल्या विद्यार्थ्यांशी झालेल्या विचारांच्या भूताणघेवाणीबद्दल भूताचे आभार मानत होते.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तरी मी डोकं शांत ठेवलं (हीच चूक झाली) आणि उलट हुकूम दिला: जिथे भूत तिथे देव. शुद्धलेखनात कच्चा नको म्हणून ऱ्हस्व आणि दीर्घ, दोन्ही उकार आठवणीने बदलले. तू लहानपणी कान पिळून शिकवलेलं असं कामी आलं. मग पाहिलं, तर देवमासा जागेवर, देवदार जागेवर. मी सुटकेचा श्वास सोडला आणि नमुन्याच्या चार प्रती काढून त्यांतल्या तीन प्रती चर्चच्या तपासणी समितीला पाठवल्या.

पण आत्या, ग्रंथात मुळातच जी भुते होती, त्यांचं काय झालं असेल ते तुझ्या आता लक्षात आलंच असेल. प्रभूने कबरस्तानातल्या त्या पछाडलेल्या माणसातून देव काढले. देवांनी डुकरांत शिरायची परवानगी मागितली. कृपा अद्भुत होती ती ‘अद्देव’ झाली, आणि इस्राएलचा सगळा इतिहास देवकाळात जमा झाला. समितीच्या अध्यक्षांचं पत्र आलं, की विश्वासणाऱ्यांनी देव हाकलून लावावेत हे मत समितीला मान्य नाही. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त प्रत न आल्यास ग्रंथ समितीच्या प्रकाशनमालेतून वगळण्यात येईल. एका सभासदाने मात्र ग्रंथ ‘अदेवपूर्व’ असल्याचं कौतुकाने लिहिलं. त्यांना तो हिब्रूचा शब्द वाटला.

मी चौथी प्रत घेऊन मास्तरांकडे गेलो. ते खिडकीशी बसले होते. त्यांची मुलगी (ती रुग्णालयात परिचारिका आहे) कामावर निघाली होती. मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, “वाच.” मी डुकरांपर्यंत वाचत गेलो. वर पाहतो तर मास्तर डोळे पुसत होते. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते गं, अगदी खोकला लागेपर्यंत. मुलगी पाण्याचा पेला घेऊन धावली.

मग पाणी प्यायले. म्हणाले, “ग्रीकबाई असती तर खुर्चीवरून पडली असती.” आणि पेला खाली ठेवून, “तुला सांगतो, प्रेषित पौल करिंथकरांना एका ठिकाणी लिहितो, मूर्ती म्हणजे काहीच नाही. दोनच अध्यायांनी पुढे लिहितो, मूर्तीपुढे वाहिलेलं ते भुतांना वाहिलेलं. दोन्ही एकाच पत्रात. आणि लगेच सांगतो, बाजारातलं मांस खुशाल खा, चौकशा करू नका. आम्ही दोघांनी त्या पत्राचे दोन तुकडे केले आणि आपापल्या घरी घेऊन गेलो.”

मी निघालो. दारापर्यंत पोचवायला आलेली मुलगी हळूच म्हणाली, “बाबा तुमच्या आत्याचा ग्रीक शब्दकोश दर आठवड्याला पुसतात. दिसत नाही, तरी हाताने चाचपून.” (तोच कोश, जो हरवला म्हणून तू मला दोष देत आलीस.)

असो. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा भाचा,
ढापण्या

ता. क. खरं काम राहिलंच. ग्रंथात चारशे बारा जागी देव आहेत. त्यांतला कुठला देव, कुठला भूत आणि कुठला काहीच नाही, हे ठरवायला शास्त्र जाणणारं आणि डोळे शाबूत असलेलं माणूस हवं. असं माणूस मला एकच माहीत आहे. मंगळवारी येशील? मास्तरांच्या घराला जिना नाही.

ता. क. दुसरा. तुला बोलवायला त्यांनी सांगितलेलं नाही. तुझ्या घराजवळ कुठली बस थांबते, एवढंच फक्त विचारलं. तीनदा.

ता. क. तिसरा. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. काल छापखान्याच्या मालकांच्या कपाटात, त्यांनी मला न सांगता यंत्रातून उतरवून ठेवलेली, ग्रंथाची जुनी, बिघाडाआधीची प्रत सापडली. चौथं प्रकरण मी हाताने, एकेक शब्द बघून दुरुस्त केलं आणि दुपारीच समितीला पोचवलं. म्हणजे तपासायला आता काहीही शिल्लक नाही. मास्तरांना मी हे सांगितलेलं नाही. तूही बुधवारपर्यंत सांगू नकोस.