माझ्यापासून सुरू कर

श्रावण वद्य ४, शके १८०५. कल्याण

राजे डोक्यात टिकत नाहीत! सकाळी घोकलेला बिंबिसार दुपारच्या वरणभाताबरोबर जिरून गेला. मिलिंद आधी की कनिष्क आधी — देव जाणे. ठाण्याला एक साहेब आला आहे, लेण्यांतले जुने लेख उतरून घ्यायला त्याला कारकून हवा आहे. आश्विनात तोंडी परीक्षा. बौद्ध राजे क्रमाने पाठ पाहिजेत, कोणाचा बाप कोण तेही. आबांनी माझं नाव देऊन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही!

आबा लहानपणी कान्हेरीला गेले होते. भिंतीवर अक्षरं कोरलेली, वाचणारा कोणी नाही. आता कुठून तरी ऐकून आले की त्यांत कल्याणच्या माणसांची नावं आहेत. "तू वाच आणि मला सांग, गुरू. एवढंच."

एवढंच म्हणे!

श्रावण वद्य ९

नवी युक्ती. घरातल्या एकेका वस्तूवर एकेक राजा बसवला. चुलीवर अशोक, पाट्यावर बिंदुसार, उखळावर चंद्रगुप्त. आईने पाटा धुवायला परसात नेला आणि मगधाचं राज्य बुडालं.

भाद्रपद वद्य ३

सापडलं!! आज आबा ओटीवर तर्पणाला बसले होते. दक्षिणेकडे तोंड, हातात तीळ-पाणी. पिता, पितामह, प्रपितामह... जन्मल्यापासून दर पितृपक्षात ऐकतोय, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. त्या नावांनाच राजे बांधले तर? माझ्याकडून मोजलं तर पिता हरिहर, म्हणजे आबा — अशोक. आजोबा विश्राम — अशोकाचा बाप बिंदुसार. पणजोबा त्रिंबक — चंद्रगुप्त. मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा — उदायी, अजातशत्रू, बिंबिसार. वारलेले काका मिलिंद. वारलेले मामा कनिष्क, मामांच्या दाढीला तेच शोभतं. एकही चूक नाही. तीनदा म्हणून पाहिलं!

आबा हयात आहेत, तेव्हा मला तर्पणाचा अधिकार नाही. पण मनातल्या मनात म्हटलं तर काय बिघडतं?

भाद्रपद वद्य ८

राजे धावत येतात. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. टपालाचा शिपाई नवा होता, मालकाचं नाव विचारू लागला. आई दाराआडून म्हणाली, "विष्णू आणि शंकर जोडून घे की!" नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही ते नाहीच. शिपाई बिचारा घाम पुसत उभा. मी हसत बाहेर गेलो.

सर्वपित्री अमावास्या

फार वाईट झालं.

परसात तोंड धुवायला गेलो होतो, हातात तांब्या. म्हणत होतो हळूच, पण तोंड आपोआप दक्षिणेकडे वळलं आणि हात आपोआप कलला. "हरिहरशर्माणं, वसुरूपं" — अंगठ्याकडून पाणी सोडलं, तसंच, आबा सोडतात तसं. मागे आई उभी.

"जित्या बापाला पाणी देतोस?"

मी समजावू लागलो, अगं हे राजे आहेत, अशोक... तिने ऐकलंच नाही. पदर तोंडात कोंबून आत गेली.

आबांना कळलं तेव्हा ते खो-खो हसले. "अगं, सम्राट केलंन् मला पोराने. रडतेस कसली?" पण जेवताना त्यांचा घास मधेच थांबला. मला दिसला.

आश्विन शुद्ध ५

आबांना हिवताप. अख्ख्या गल्लीत आहे, दर घरी कोणीतरी पडलंय. मी स्वतःला हेच सांगतोय.

आश्विन शुद्ध ९

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, जाते. आज मी पायांवर डोकं ठेवलं. पाय मागे घेतलेन्. एवढंच म्हणाली, "वाट तूच दाखवलीस." ती भिंतीकडे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही.

विजयादशमी

आबांना त्या नावांतून काढायचं ठरवलं. अशोकाला परत चुलीवर बसवला. पण मग बिंदुसार येईना, चंद्रगुप्त येईना, सगळी माळच ओघळली. दिवसभर बसलो. त्यांना सोडून मोजताच येत नाही.

आश्विन वद्य १

ताप उतरला होता थोडा. आबांनी जवळ बोलावलं. "म्हण बघू राजे."

मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागलो.

"अरे म्हण. माझ्यापासून सुरू कर. मी राजा असतो कधी नाहीतर?"

मी म्हटले. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी सगळे म्हटले. त्यांनी डोळे मिटून बोटांवर मोजले. अजातशत्रूपाशी म्हणाले, "याने बापाला कोंडून मारलं ना रे?" मी हो म्हटलं. "तू तसा नाहीस हो," म्हणाले, आणि कूस बदलली.

दाराशी आई होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

आश्विन वद्य ६

ठाण्याला परीक्षा. जायचं नव्हतं, आबांनी हट्टाने पाठवलं. तापात उठून बसून टोपी नीट केली माझी.

साहेबाने विचारलं, अशोकापासून मागे जा. तीन शब्द! तोंड उघडलं, आणि एकदम वाटलं, मी म्हटलं की तिकडे आबा जातील. इथे मी नाव घ्यायचं आणि तिकडे... अशोकाला गाळलं. बिंदुसारापासून मागचे सगळे घडाघडा म्हटले. "अशोक टुमाला ठाऊक नाय?" साहेब हसला. शेजारचा शिरस्तेदारही हसला. मला नापास म्हणून परत पाठवलं.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "कुठून सुरू केलंस?"

"तुमच्यापासून," मी म्हटलं.

किती आनंद झाला त्यांना! "मग कान्हेरीला नेशील मला. कोण कोण कल्याणकर आहेत ते बघू." मी हो म्हटलं. मेलो असतो तर बरं.

आश्विन अमावास्या

आज लक्ष्मीपूजन. आईने एकच पणती लावली. ताप पुन्हा चढला, वैद्यांचा काढा पोटात ठरत नाही.

कार्तिक शुद्ध ९

आबा गेले.

कार्तिक वद्य ७

दिवस उरकले. लोक आले, गेले. आई आतल्या खोलीत, कोपऱ्यात, दार लोटून. माझ्याशी अजून एक शब्द नाही. राजे मात्र सगळे पाठ आहेत. नको असताना येतात. आंघोळीला पाणी घेतलं की येतात!

कार्तिक अमावास्या

आज माझं पहिलं तर्पण. ओटीवर बसलो, त्यांच्याच पाटावर. हातात तीळ-पाणी. भटजी म्हणाले, "वडिलांचं नाव घ्या." ओठांवर आलं — अशोक. भटजींनी वर बघितलं. पुन्हा म्हणाले, नाव? आठवेना! बापाचं नाव आठवेना, नुसता अशोक, अशोक. पाणी बोटांतून गळून गेलं.

आतलं दार किलकिलं झालं.

"हरिहर," आई म्हणाली. "म्हण, गुरू."