हेल्वीच्या घरची कॉफी

केमियार्वी, उत्तर फिनलंड
२३ नोव्हेंबर

प्रिय मार्नी,

तू बरी असशील. आम्ही दोघंही ठीक आहोत, म्हणजे गोठलेलो नाही. आठ वर्षं नाताळच्या कार्डावर नुसती सही पाठवणाऱ्या आईचं एवढं लांब पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही.

आज उणे एकवीस. सूर्य दहाला उगवतो आणि दोनच्या आत गुल होतो. धर्मसेवेसाठी परदेशी जाण्याचा अर्ज भरताना मी तुझ्या बाबांना दहादा सांगितलं होतं, गुडघ्यांचं कारण लिहा, उबदार देश मागा. ते म्हणाले, "प्रभू पाठवेल तिथे जायचं, मागायचं नाही." झालं! प्रभूने आयडाहोच्या बटाटेवाल्याला इथे पाठवलं. फिनिश भाषेतले आम्हाला मोजून अकरा शब्द येतात. रविवारच्या सभेला सातजण येतात, त्यांतले दोन आम्हीच.

आणि या दोन खोल्या! सत्तेचाळीस वर्षं हा माणूस उजाडल्यापासून शेतात असायचा, म्हणून आमचं जमलं, हे मला आता कळतंय. इथे कायम जोडीने राहायचा नियम. त्यात नियम म्हणून घरातसुद्धा हे मला "सिस्टर हॅन्सन" म्हणतात. सिस्टर हॅन्सन, माझे मोजे कुठे आहेत? परवा मी म्हटलं, सिस्टरला माहीत नाही, बायकोला विचारा. हसलेसुद्धा नाहीत.

इथे गाड्या गायींसारख्या खांबाला बांधतात. विजेची वायर जोडून इंजिन उबदार ठेवायचं. तुझे बाबा आठवड्यातून दोनदा विसरतात. मंगळवारीही विसरले, आणि गाडी नेमकी हेल्वीच्या दारात बंद पडली.

हेल्वी एक्क्याऐंशीची. तरुणपणी कॅनडात होती, म्हणून तिच्याशी बोलता येतं. तिचा नवरा ताउनो आमच्या इथल्या चर्चच्या मंडळीतला सगळ्यात जुना. ती स्वतः सभेला कधीच आली नाही. ऑक्टोबरमध्ये ताउनो गेला, तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही तिच्याकडे जातो. म्हणजे दारातल्या पायपुसण्यावर उभे राहतो. इथे बूट काढल्याशिवाय आत जात नाहीत, आणि या बुटांच्या नाड्या सोडायला दहा मिनिटं लागतात. मी पाव देते, बाबा प्रार्थना म्हणतात, आम्ही निघतो. ती दर वेळी कॉफी ओतते, आपल्या धर्मात कॉफी वर्ज्य म्हणून आम्ही दर वेळी नको म्हणतो, ती कप उचलून आत नेते.

या मंगळवारी बाबा शेजाऱ्याला घेऊन गाडीपाशी खटपट करत होते. मला बूट काढून आत बसावंच लागलं. हेल्वीने टेबलावर दोन कप ठेवले. दुसरा ताउनोचा होता, कान तुटलेला. ओतताना थोडी कॉफी बशीत सांडली. मला नको म्हणवेना.

मार्नी, मी ती प्यायले. अडुसष्ट वर्षांत थेंब न शिवलेली मी, पूर्ण कप.

हेल्वीने रिकामा कप स्वतःकडे ओढून आत बघितलं. मग म्हणाली, "अगं बाई, प्यायलीस कशाला? ताउनो चाळीस वर्षं त्या कपात गरम पाणी प्यायचा. कॉफी पाज म्हणून मी कुणाच्या मागे लागले होते का? कोणीतरी समोर बसावं, एवढंच गं. तुम्ही आपले कोट घालून दारात उभे!"

मला तोंड वर करता येईना. मला तुझं स्वयंपाकघर दिसत होतं. बॉयझीमधलं तुझं पहिलं घर, मी पहिल्यांदाच आलेली, आणि तुझी कॉफीची किटली मी तुझ्यासमोर सिंकमध्ये रिकामी केली. तू म्हणालीस, "आई, निदान बस तरी." मी कोटही काढला नव्हता. सगळ्यांना मी सांगत आले की तू मंडळी सोडलीस, घर सोडलंस. तुझ्या घरातून निघून गेले ती मी, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. मी चुकले. फार चुकले, मार्नी.

बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच म्हणाले, "लाराए, चव कशी होती गं?" ऑगस्टमध्ये इथे आल्यापासून पहिल्यांदा माझं नाव ऐकलं. म्हटलं, जळक्या टोस्टसारखी. मग हसले. चर्चच्या वरिष्ठांना मला सांगावं लागेल, ते सांगेन. पुन्हा काही पिणार नाही. माझं मन बदललेलं नाही, ते तुझ्यापासून लपवत नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही या सेवेतून सुटू. ब्लॅकफूटला घरी जाण्याआधी तुझ्याकडे यायचं आहे, तू ये म्हणालीस तर. नाही म्हणालीस तरी तसं लिही, गप्प राहू नकोस. तुझी कॉफी खुशाल चुलीवर असू दे. मला गरम पाणी पुरेल.

कोट काढून बसेन म्हणणारी,
तुझी आई