सिंधूची अकरा मतं

चि. सिंधूस आजीचा जयभीम.

आधी आली ती शेजारची जगदेवी. पदर कमरेला खोचलेला, दारातूनच म्हणे, आत्या, जीप आपल्याच गल्लीत वळली! (खुशाली राहिलीच. तुझी तब्येत, नातजावयाची पाठ, लेकरांचा खोकला, सगळं बरं असंल. मी ठणठणीत. दात दोनच राहिले, तेबी समोरासमोर न्हाईत.) हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राहिले. दर खेपेला नरसिंग मास्तर तुझं पत्र पिंपळाखाली साऱ्या गल्लीला वाचून दाखवतो आणि उत्तरबी तोच लिहितो. या खेपेला त्याला सांगितलं न्हाई. का, ते खाली येईल.

जीपमधून उतरला बसलिंगप्पा, गावात टँकर कुठं रिकामा करायचा ते ठरवणारा, आणि संगं तहसीलचा कारकून. नवा जिल्हा होऊन पाच वर्सं झाली, लातूरला कलेक्टर बसला, पण आपल्या गल्लीच्या हौदात पाणी आलं ते कलेक्टरमुळं न्हाई, तुझ्यामुळं. तू इलायतेत त्या लेस्टर शहरात नर्स म्हणून गेलीस, कचऱ्याच्या गाडीपायी बायका गोळा करून नगरपालिकेच्या दारात बसलीस, आणि मग त्याच नगरपालिकेत मेंबर झालीस. (बसायची खोड माझी. निजामाच्या राज्यात मी पाटलाच्या विहिरीवर बसले होते, तवा तुझा बाप पोटात होता.) मास्तरानं ते वाचलं त्या दिवशी बसलिंगप्पा पारावरच होता. मी हळूच म्हणलं, आमच्या सिंधूनं इलायतेहून एक कागद कलेक्टरला टाकला तर टँकर कुठं कुठं जातो ते सगळं निघंल. तवापासून टँकर आधी आपल्या हौदाला, मग वरच्या आळीला. चार उन्हाळे नागुबाईच्या सुना घागर घेऊन कोसभर चालल्या न्हाईत.

आता त्यानं रेडिओवर ऐकलं, तिकडं इलेक्शन झालं. ऐकलं त्या दिवसापासून तीन दिवस टँकर इकडं फिरकला न्हाई. हौदाच्या तळाला गाळ दिसाय लागला आणि मग हा आला. आपल्या घरचं पाणी तो कधी पीत न्हाई. पण दिलेला तांब्या हातात धरून बसला. मी वळखलं, मामला नाजूक हाय.

“आजी, सिंधूताई आल्या का निवडून?”

“आल्या की.”

“किती मतांनी?”

“अकरा.”

कारकून हसला. “अकराच?”

“तुमच्या तहसीलदाराला किती पडली?”

“पत्र दाखवा की,” बसलिंगप्पा म्हणे. सिंधू, पत्र ज्वारीच्या कणगीत, आणि हा बाबा त्याच कणगीला टेकलेला! मी म्हणलं, पत्र पेटीत हाय, किल्ली पलीकडल्या घरच्या सरजाबाईजवळ, आणि ती लेकीच्या बाळंतपणाला भोकरला गेली. तो म्हणे, येऊ द्या तिला, मग मास्तरालाच घेऊन येतो, त्याच्याच तोंडून ऐकू. आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्याला. सांजच्याला टँकर आला. आपल्याकडं, आधी.

तुझी आजी,
पार्वतीबाई

ता.क. पोस्टमननं तुझं पत्र दिलं तवा मास्तर गावात नव्हता. तीन दिवस अक्षराला अक्षर लावून मीच वाचलं. अकरा मतांनी पडलीस, ते कळलं. रडू नको. आकडा मी जसाच्या तसा सांगितला, खोटं बोलायची सवय न्हाई मला. अकरा म्हणजे काय गं? आपल्या गल्लीतल्या बायका तिकडं असत्या तर बाराव्या मतानं आली असतीस.

ता.क. दुसरा. पेटीतलं म्हणून मास्तराच्या हातात द्यायला तू दुसरं पत्र टाक. इलेक्शनचं नाव काढू नको, खोटं तूबी लिहू नको. कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते ते लिही, आणि ‘आपल्या हौदात पाणी किती, हे मला दर आठवड्याला कळवा’ एवढं मोठ्या अक्षरात लिही. नगरपालिकेच्या शिक्क्याचा एखादं पाकीट उरलं असंल तर त्यातच घाल. पण आजच टाक. बसलिंगप्पा मास्तराला घेऊन मृगाच्या आदल्या शुक्रवारी येतो म्हणून गेलाय.