फणसावरची तार

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

माटोळी आमची आणि खाली नाव शेवंतीचं! डोळ्यांनी बघितलं!

चवथीला गणपतीच्या वर छताला फळांची माटोळी सगळेच बांधतात. पण आमच्या ह्यांनी बांधलेली बघायला डिचोलीहून माणसं यायची. हे जाऊन दोन वर्षं झाली. यंदा मी बांधली — बाहत्तराव्या वर्षी, खुर्चीवर चढून. मधोमध पपनसाएवढं तोरिंग, भोवती रानातली लाल कवंडाळं. ह्यांची पद्धत. अख्ख्या सर्वण गावात दुसऱ्या कुणाची नाही.

कृष्णनाथ केबलवाला दरवर्षी वाड्यातल्या माटोळ्या कॅमेऱ्यात घेतो नि आपल्या चॅनलवर दाखवतो. घरांच्या ओळीने. सुविधाचं घर, मग आमचं, मग शेवंतीचं. आज सुविधाची दाखवली. मग तोरिंग दिसलं, कवंडाळं दिसली — आणि खाली अक्षरं. मी तिसरी शिकलेली, ही वही सोडून फार वाचत-लिहीत नाही. पण शेवंती एवढं वाचता येतं मला. शेवंती मावशी ना कृष्णनाथाची! रक्ताकडे गेला.

उठले. टीव्ही बंद. मागची तार हिसडून काढली.

१५ सप्टेंबर

कुणाला सांगितलं नाही. रडत दारोदार फिरायची मला सवय नाही.

सकाळी पोदेराकडे पाव घेताना सुविधा. "काकी, तुमची माटोळी बघितली गो टीव्हीर. बरी दिसत होती!"

म्हणजे हिने ओळखली. नाव वाचलं. आणि वर हसते! पाव घेतले नि चालू लागले.

१७ सप्टेंबर

कृष्णनाथ आज फाटकाशी स्कूटर थांबवून — "काकी, बघितलंस मगे?" सगळे दात बाहेर.

"बघितलं," म्हटलं.

"बरां दिसलां?"

"दिसलं. सगळं दिसलं माका."

हसत गेला. हास बाबा. किती दिवस हसतोस बघते.

२ ऑक्टोबर

घरात टीव्ही मुका. सतीशला सांगितलं, केबल खराब. मुलगा आहे, पण त्यालाही कारण सांगितलं नाही. त्याची सेजल म्हणाली, "आजी, केबल हवी कशाला? इंटरनेट आहे ना घरात!" काडेपेटीएवढी डबी आणली, टीव्हीच्या मागे खुपसली. झालं. तार नाही, खांब नाही, कृष्णनाथ नाही!

८ ऑक्टोबर

त्या डबीच्या रिमोटवर बटण दाबून बोलायचं म्हणे. म्हटलं, मी प्लास्टिकशी बोलणार नाही.

११ ऑक्टोबर

बोलले. "भजन लाव." लागलं! मधेच थांबवता येतं, मागे नेता येतं. च्या उतू जायला लागली तर देव थांबतो.

२० ऑक्टोबर

सुविधाला दाखवलं. पलीकडच्या गौरवीला दाखवलं. दोघींकडे सेजलने डब्या लावून दिल्या. मी काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं, पावसात कृष्णनाथाचं चित्र जातं, हे जात नाही. खोटं आहे काय? नाही ना!

३ नोव्हेंबर

आज फणसाकडे बघत बसले. वरच्या वाड्याला जाणारी केबल आमच्या फणसावर बांधलेली आहे! वीस वर्षं झाली. तेव्हा कृष्णनाथाकडे खांब टाकायला जागा नव्हती. हे म्हणाले, "बांध रे, झाड काय खाणार तुका?" 

झाड ह्यांचं होतं. आता माझं.

४ नोव्हेंबर

बोलावून घेतला. "तार काढ."

"खंयची, काकी?"

"फणसावरची. माझ्या झाडाला भार होतो."

हसला. मग माझं तोंड बघितलं नि हसायचा थांबला. "काकी, वरचो वाडो सगळो जातलो. काकांनी दिलेली ती जागा. माझां काय चुकलां?"

"तुझं तुला ठाऊक."

"देवाशपथ नाय ठाऊक!"

देवाची शपथ! ज्या देवाच्या डोक्यावरची माटोळी विकलीस, त्याची?

"रविवारपर्यंत काढ. नाही तर कोयता आहे घरात."

१० नोव्हेंबर

स्वतः चढला. पन्नाशीचा माणूस. तार सोडली, गुंडाळी केली, खांद्यावर घातली. उतरून म्हणाला, "येतंय, काकी." मी जनेलातून बघत होते. जनेलाची दारं लावून घेतली.

रात्री जेवण गोड लागलं.

२२ डिसेंबर

दुसरीकडून तार न्यायला शेवंतीच्या मागचा कवाथा आहे, पण तो कोवळा माड तारेच्या भाराने वाकतो म्हणे. वरच्या वाड्याने वाट बघितली नि एकेकाने डब्या आणल्या. सेजल जाऊन लावून येते. सगळे तिला हुशार म्हणतात. हुशारी कुणाची ते मला माहीत.

१९ जानेवारी २०२५

धाकट्या जावेच्या भावाचं बारावं होऊन गेलं. मला पत्ताच नाही! कोण गेलं ते कृष्णनाथाच्या चॅनलवर खालून सरकायचं. डबीला अमेरिका माहीत, सर्वण नाही.

असो. जाऊन भेटून येईन.

११ मे

केबल बंद! कृष्णनाथाच्या दुकानाला कुलूप. मी मुद्दाम त्या वाटेने गेले. दोनदा.

१६ जून

सतीश तुयेहून कामावरून आला नि जेवताना म्हणाला, "आये, कृष्णनाथ आमच्या फॅक्टरीत लागलो. पॅकिंगमध्ये. माका बघून मान खाली घातलीन."

घालूदे.

"तुझां नि त्याचां काय झालां गो?" 

"भात घे," म्हटलं.

२२ ऑगस्ट

सेजल सांगत आली — कृष्णनाथाच्या सिद्धीने बापाची सगळी जुनी रेकॉर्डिंगं नेटवर घातलीत. गेल्या चवथीच्या माटोळ्यासुद्धा! आमच्याच डबीवर दिसतात!

देव आहे.

आता सांगते सगळ्यांना, वर्षभर पोटात ठेवलं ते. परवा रविवार. सुविधा, गौरवी, शेवंती — सगळ्यांना चार वाजता बोलावलं. कृष्णनाथालाही निरोप. येतो म्हणाला! लाज नाही. चित्र थांबवणार, बोट ठेवणार, सगळ्यांसमोर विचारणार — हे कुणाचं?

२४ ऑगस्ट, रविवार

सगळी आली. कृष्णनाथ दाराशीच उभा राहिला. सुविधाची माटोळी झाली. मग तोरिंग. "थांबव!" म्हटलं. थांबलं. उठून बोट ठेवलं — मागे हिरवी भिंत. आमची पिवळी.

शेवंती म्हणाली, "ती माझी गो. काशिनाथभावोजींची पद्धत. ते गेले म्हणून मी बी तशी बांधली. तुका बरां वाटतलां म्हटलां."

सेजलने पुढे चालू केलं. मी बंद कर म्हटलं नाही. गौरवीची आली, मग वरचा वाडा सगळा, आणि सगळ्यांच्या शेवटी पिवळी भिंत. खाली अक्षरं. मी वाचली, एकेक करून. कै. काशिनाथ यांची माटोळी. बांधणारी चंद्रभागा — म्हणजे मी. इतरांची अर्धा मिनिट, आमची कितीतरी वेळ. कृष्णनाथाचा आवाज — "ही निमाणी दाखवतंय, कारण हिच्या मागसून दुसरी दाखवची नाय."

मागे वळले. दाराशी कृष्णनाथ. फॅक्टरीचा शर्ट.

"काकी," म्हणाला, "तू बघितलं म्हणालेलंस."