नखांवरचे खड्डे

११ जानेवारी, रविवार

भाकरी थापताना कोपराचे खवले परातीत पडले. पीठ म्हणून सहज खपलं असतं — पण मला दिसलं ना! सगळं फेकलं. ह्यांना सांगितलं, पिठात किडे झालेत.

सोरायसिसला अकरा वर्षं झाली. सासर-माहेर धरून इतकी निष्ठा मला कुणी दाखवलेली नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

ठाण्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. कोपर बघितलं, टाळू बघितली, मग नखांवर अडकल्या. तीन नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. म्हटलं, कल्याणला राहते हो, खड्ड्यांचं काय एवढं! हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा आजार कातडीवरच थांबेल असं नाही, सांध्यांतही उतरतो. वेळेत औषध नाही घेतलं तर वाकलेली बोटं पुन्हा सरळ होत नाहीत.

"सकाळी बोटं आखडतात?"

"छे."

तरी सांध्यांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिलीच. चिठ्ठी पर्समध्ये, पर्स कपाटात.

खरं काय ते इथे लिहिते. सकाळी तासभर मूठ वळत नाही. दर आठवड्याला पेपरातल्या माझ्या सदरात लोकांची ढोंगं सोलते आणि डॉक्टरांपुढे छे! पण लेकीचं, सान्वीचं लग्न जमवायचंय. नुसती खाज असेपर्यंत लोक चालवून घेतात. आईची बोटं वाकडी दिसली की मुलीचं खानदान तपासतात.

१५ जानेवारी

लोणच्याची बरणी सान्वीकडून उघडून घेतली. "आई, एवढं सैल तर होतं झाकण."

१८ जानेवारी, रविवार

समोरच्या वैशालीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. सगळ्यांना तिने आपल्या बोटाने लावलं. माझ्यापुढे मात्र करंडा धरला — "ताई, तुम्हीच लावून घ्या हं." वाणात सगळ्यांना गाळणी. मला गाळणी आणि कडुनिंबाचा साबण! चोख उत्तर जिभेवर होतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या केशरबाई उठल्या. सत्तरी ओलांडलेली, खाडीकाठच्या गावातली बाई. करंडा ओढून घेतला, माझ्या कपाळावर अंगठा चांगला दाबून कुंकू लावलं.

"लागत नाय गं ते कोनाला. माझ्या आयशीला होतं. मंग हात असा झाला तिचा." आणि पंजा आकड्यासारखा वाकवून दाखवला. "शेवटाला घास मी भरवायची."

वैशालीने लगेच तिळगूळ फिरवला. माझं चोख उत्तर मी विसरले.

२० जानेवारी

चिठ्ठी काढली. वाचली. परत ठेवली.

२२ जानेवारी, गुरुवार

सान्वी खिडकीशी बसून नेलपॉलिश पुसत होती. गेली दोन वर्षं तिची नखं रंगाशिवाय पाहिलेली नाहीत — ऑफिसची फॅशन समजत होते. आज सहज पाहिली. अंगठ्यावर चार खड्डे, मधल्या बोटावर दोन. मी बघतेय म्हटल्यावर तिने मूठ मिटायला घेतली. पुरती मिटली नाही.

"सकाळी बोटं आखडतात का गं?"

"छे."

२३ जानेवारी

ठाणे, सांध्यांच्या डॉक्टरांकडे. केसपेपर दोन.