साखरेची पावलं

प्रिय ठमे,

रविवारच्या तुझ्या बेबी शॉवरला बाबांना, म्हणजे मला, बोलवायचं नाही, असं तू मावशीला बजावलंस ते मला कळलं. बरोबर केलंस. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

गेले चार दिवस माझ्या हातांना साखर चिकटली आहे. शी! पस्तीस वर्षं कवळ्या केल्या, परक्या लोकांच्या थुंकीने माखलेली मापं धुतली, कधी नाक मुरडलं नाही. पण केकवरची ही साखरेची कणीक हातात घेतली की अंगावर काटा येतो. कोमट, लिबलिबीत, नखांत शिरून बसणारी, आणि तो व्हॅनिलाचा वास तर थेट डोक्यात जातो. केक मावशी करते आहे. वरची सजावट करायला तिला कुणी मिळेना, तेव्हा मीच गळ घातली, म्हटलं साचे काढण्यात माझा हातखंडा आहे. ती कबूल झाली, पण तुझ्यापाशी माझं नाव काढणार नाही या अटीवर.

तिने बाजारातला तयार साचा आणून दिला. त्यातून निघालेलं बाळ मला बघवेना. गाल सुजलेले, ओठ एखाद्या चिडलेल्या साहेबासारखे, आणि बाराच्या बारा तसलीच ध्यानं! मग मी स्वतःचा साचा केला आणि कणीक चिकटू नये म्हणून सवयीने कवळीच्या प्लास्टरवर लावायचं आमचं रसायनाचं पाणीच आतून फासलं. बाळांना दवाखान्याचा वास यायला लागला. पाळण्यासाठी गुलाबी रंग कालवला, तर तो हुबेहूब हिरडीचा झाला. हा पाळणा आहे की कवळी, असं मावशीने विचारलं. सगळं कचऱ्यात गेलं.

शेवटी बाळांचा नाद सोडला आणि नुसती पावलं करायला घेतली. मेणात कोरली, नव्या रबरात साचा घेतला, आतून फक्त कॉर्नफ्लोअर भुरभुरलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, तुझं आहे तसं. सहा जोड्या जमल्या. त्या ओळीने मांडल्या आणि त्यांची नाही, माझी मलाच किळस आली.

कारण तो शब्द माझाच. लग्न न करता हे मूल एकटीने वाढवणार, हे सांगायला तू आलीस, आणि तुझ्या पोटाकडे बघून मी म्हणालो, मला किळस येते. पोटच्या लेकीला असं बोलताना माझी जीभ झडली कशी नाही? तू चप्पल घालून निघून गेलीस, त्याला पाच महिने झाले.

पावलं दुकानातून आणली, असं मावशी तुला सांगेल. ते खोटं तुझ्या केकवर बसू नये म्हणून हे लिहितो आहे. पावलं मी केली आहेत. नकोशी वाटली तर कापण्याआधी उचलून फेकून दे. मला वाईट वाटेल, राग येणार नाही. रविवारी मी येणार नाही. पण मी बोललो ते चुकलं, साफ चुकलं. जन्मभर मी दात पडून गेलेल्या तोंडांसाठी दात केले गं. तुझ्या बाळाचा पहिला दात उगवेल, तेव्हा मला बघायला बोलावशील?

तुझाच,
बाबा