‘होय, मीच’चं बटण

आष्टी, ३ जून २०२४

ती. आत्याबाईंना वनमालाचा पाया पडून नमस्कार. वि. वि.

गुडघ्याला तेल लावता का? सून घरात न्हाई म्हणून आळस करू नका. आमची लेक चिमी तापात गेली अन् यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, तवापासून माहेरीच हाय. तुमच्या लेकाला फोन केला तर उचलत न्हाईत, म्हणून पत्र.

माझा फोन हौदात पडला. लग्नानंतर यांनीच आम्हा दोघांचं एक खातं काढून दिलं होतं. फोटो, परीक्षेचा फॉर्म, शिवणाचा क्लास, समदं त्या एकाच खात्यानं उघडायचं. घरादाराला एकच किल्ली म्हणून मी लई मिरवलं! आता नव्या फोनात ते आत घेईना. यांच्या फोनवर ‘तुम्हीच आहात का’ विचारतंय. चिमीचे फोटो, तिचं खिदळणं, समदं तिथंच. दुसरीकडं एक फोटो न्हाई हो.

माझ्याकडं ४७ आकडा आलाय. हे आंघोळीला गेले की फोन घ्या, ४७ दाबा, मग ‘होय, मीच’. एवढं लेकरासाठी करा.

माया हाय तशीच राहू द्या.
तुमची वनमाला

चौसाळा, १४ जून

चि. वनमालाला साखराबाईचा तोंडभरून आशीर्वाद.

तेल लावते, मला शिकवू नको. तुझं पत्र सहा दिवसांनी आलं. चार दिवस लपूनछपून फोन चाळला, ४७ कुठंच न्हाई. शेवटी लेकालाच, जीवनला, विचारलं. तो म्हणाला, ते आकडे दोन-चार मिनिटंच टिकतात. मेलं असलं कसलं यंत्र!

पोरी, आता कसं लिहू? त्याला वाटलं, कुणी चोर शिरतोय. त्यानं ‘न्हाई’ दाबलं, तरी पुन्हा पुन्हा इचारणं येतच होतं. चिमीचे फोटो परक्याच्या हाती नकोत म्हणून त्यानं खातंच पुसून टाकलं. आपल्या फोनात तर हायत, असं त्याला वाटलं. त्याचेबी त्याच खात्यात होते. समदं एका दमात गेलं. मोबाइलच्या दुकानदारानंबी हात टेकले. जीवन उंबऱ्यात बसून लेकरावानी रडला. तुला फोन लावायचं तोंड न्हाई म्हणतो.

त्यानं एवढंच इचारायला सांगितलंय, चिमीच्या कोणत्या गालाला खळी पडायची? तो उजव्या म्हणतो, मला डाव्या वाटती. तू आई, तुला ठावं असंल. लगोलग कळव.

जीव लावत जा आम्हाला.
साखराबाई

आष्टी, २३ जून

ती. आत्याबाईंना नमस्कार.

यांना बोल लावू नका. नव्या फोनात दिवसभर मीच येड्यावानी आत शिरायचं बटण दाबत होते.

तीन दिवस डोळे मिटून बसले. हसली की ती माझ्या खांद्यात तोंड खुपसायची, पदर लाळेनं भिजायचा. तेवढं आठवतं. गाल आठवत न्हाई, आत्याबाई. आई असून मला आठवत न्हाई.

यांना मात्र सांगा, उजव्याच.

तुमचीच,
वनमाला